राहुलाचा वारसा

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आतल्या भिंतीवर एक चित्र आहे. तथागत भिक्षापात्र घेऊन उभे आहेत, त्यांची आकृती खूप मोठी. समोर यशोधरा आणि लहानगा राहुल, दोघेही त्या मानाने अगदी छोटे. आई मुलाला पुढे करते आहे. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचे हे चित्र आपल्यातल्या अनेकांनी तिथे जाऊन पाहिले असेल, नाहीतर कॅलेंडरवर किंवा विहाराच्या भिंतीवर त्याची नक्कल पाहिली असेल.

राहुल हे नाव आपल्या समाजात किती घरांत आहे ते सांगायला नको. वस्तीत मोठ्याने हाक मारली तर चार जण वळून बघतील. पण ज्याच्यावरून हे नाव ठेवले त्याच्याबद्दल विचारले तर उत्तर दोन वाक्यांत संपते. बुद्धांचा मुलगा, त्याने बापाकडे वारसा मागितला आणि त्याला संघात घेतले. पुढे त्या पोराचे काय झाले, त्याला कोणी वाढवले, कोणी काय शिकवले, हे फारसे कोणी सांगत नाही. विनयपिटक, मज्झिमनिकाय आणि जातक-अट्ठकथा यांत मात्र राहुलाच्या लहानपणाचे बरेच प्रसंग आले आहेत. आज जे तरुण विहारात मुलांचे रविवारचे वर्ग घेतात, सुट्टीत श्रामणेर शिबिरे भरवतात, त्यांच्या तर ते फारच कामाचे आहेत. मुलांना दुसऱ्याशी नीट वागायला, दुसऱ्याचे दुःख ओळखायला शिकवायचे कसे, हा प्रश्न त्या प्रत्येक प्रसंगात आहे.

सिद्धार्थाने घर सोडले तेव्हा राहुल तान्हा होता. मध्यरात्री झोपलेल्या बायकामुलाला सोडून गुपचूप जाण्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात ती नाकारली. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये जो तंटा झाला, त्यात सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, आणि त्या विरोधाची किंमत म्हणून सर्वांच्या देखत, यशोधरेला सांगून परिव्रज्या घेतली, अशी मांडणी त्यांनी केली. ती पटण्याजोगी आहे. तरीही एक गोष्ट कोणत्याही मांडणीत बदलत नाही. ते मूल बापाशिवाय वाढले.

संबोधीनंतर तथागत राजगृहाहून कपिलवस्तूला आले आणि निग्रोधारामात उतरले. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता असे अट्ठकथा सांगतात. यशोधरेने मुलाला बाप दाखवला आणि त्याच्याकडे जाऊन आपला वारसा माग, असे सांगून पाठवले. पोरगा गेला, समोर उभा राहिला. पहिल्यांदा त्याने वारसा मागितलाच नाही. या श्रमणाच्या सावलीत उभे राहायला सुखद वाटते, असे काहीतरी तो बोलून गेला. बाप कसा असतो हे ज्याला माहीत नाही, त्याला आधी फक्त सावली जाणवली. संपूर्ण विनयपिटकात मला हा तपशील सर्वांत माणुसकीचा वाटतो. तथागत उठून चालू लागले तेव्हा तो मागोमाग चालत राहिला आणि वारसा द्या, वारसा द्या असे म्हणत राहिला. कोणी त्याला हाकलले नाही.

तथागतांजवळ द्यायला राज्य नव्हते, जमीन नव्हती. त्यांनी सारिपुत्तांना बोलावले आणि राहुलाला प्रव्रज्या द्यायला सांगितले. त्रिशरण देऊन राहुल सामणेर झाला. सारिपुत्त त्याचे उपाध्याय झाले.

आता शुद्धोदनाचा विचार करा. मुलगा गेला, धाकटा नंद गेला, आता नातूही गेला. म्हातारा राजा तथागतांकडे आला आणि त्याने आपले दुःख सांगितले. पुत्रप्रेम कातडी कापते, कातडी कापून मांस कापते, मग स्नायू, मग हाड, आणि शेवटी मज्जेपर्यंत जाऊन पोहोचते, अशा शब्दांत विनयपिटकात ते आले आहे. त्याने तक्रार केली, पण नातू परत मागितला नाही. यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, एवढेच त्याने मागितले. तथागतांनी ते मान्य केले आणि संघासाठी तसा नियम घालून दिला. आज आपल्या श्रामणेर शिबिराच्या अर्जावर पालकांची सही घेतली जाते, त्या पद्धतीचे मूळ एका आजोबाच्या या दुःखात आहे.

या प्रसंगावर टीका करणारे पुष्कळ आहेत. सात वर्षांच्या पोराला काय कळते, त्याला संघात घेणे बरोबर होते का, असे तरुण मुले विचारतात आणि त्यांनी विचारावे. मला उत्तर शुद्धोदनाच्या बाजूने सापडते. एका दुखावलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून संपूर्ण संघाची रीत बदलली. निर्णय चुकला की बरोबर होता यावर वाद घालता येईल, पण ऐकून घेतले गेले, हे तर खरे.

आणि चळवळीतल्या माणसांनी हा प्रसंग जरा जवळून वाचायला हवा. आपले कितीतरी कार्यकर्ते रात्री अकराला मीटिंगवरून येतात, तेव्हा पोरे झोपलेली असतात. १४ एप्रिलच्या तयारीत महिना जातो, निवडणुकीत दोन महिने जातात, वर्षावासात प्रवचने असतात. समाजासाठी धावणाऱ्या बापाची पोरे वारसा म्हणून नेमके काय घेतात? बहुतेक ठिकाणी भिंतीवरचे सत्काराचे फोटो. राहुलाचा बाप तर सगळ्या जगासाठी बाहेर पडलेला माणूस होता. पण मुलाने मागणी केल्यावर त्याने त्याला दुसऱ्या कोणाच्या गळ्यात टाकून दिले नाही. उपाध्याय नेमले, आणि स्वतःही वेळोवेळी त्याच्याकडे जात राहिले.

संघात लहान मुले असणे सोपे नव्हतेच. विनयात राजगृहाच्या सतरा मुलांची हकिगत आहे. त्यांतल्या उपालि नावाच्या मुलाच्या आईबापांनी विचार केला की आपल्या मागे याला सुखाने जगता यावे. लिहायला शिकवले तर बोटे दुखतील, हिशेब शिकवले तर छाती दुखेल, नाणी पारखायला शिकवले तर डोळे दुखतील. शाक्यपुत्र श्रमण बरे राहतात, खातात, त्यांच्यात पाठवावे. उपालिबरोबर त्याचे सोळा मित्रही गेले आणि भिक्षूंनी त्या सगळ्यांना थेट उपसंपदा दिली. रात्र सरता सरता ही पोरे उठून पेज द्या, जेवायला द्या म्हणून रडू लागली. भिक्षू म्हणाले, सकाळ होऊ द्या, मिळाले तर खाल. पोरांचे रडणे थांबेना. तथागतांच्या कानावर ते रडणे पडले, त्यांनी आनंदाला विचारले आणि मग भिक्षूंना दोष दिला. भूक, तहान, थंडी, ऊन, डास, टोचून बोलणे हे सगळे वीस वर्षांखालच्या माणसाला सोसत नाही, म्हणून वीस वर्षांच्या आत उपसंपदा देऊ नये, असा नियम झाला. मुले रडली म्हणून मुलांना दोष दिला नाही, हे ध्यानात घ्या. आपल्या शिबिरात पहिल्या रात्री घरची आठवण येऊन रडणाऱ्या पोराला आपण काय सांगतो, ते ज्याचे त्याने आठवावे.

राहुलाच्या शिक्षणातला सर्वांत मोठा प्रसंग अंबलट्ठिकेचा. राजगृहाच्या वेळुवनात तथागत राहत होते आणि राहुल अंबलट्ठिका नावाच्या ठिकाणी होता. त्या वेळीही तो सात वर्षांचाच होता, असे अट्ठकथा म्हणते. संध्याकाळी ध्यानातून उठून तथागत स्वतः मुलाकडे चालत गेले. त्याला बोलावून घेतले नाही. राहुलाने लांबून येताना पाहिले, आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. तथागतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडे पाणी मुद्दाम शिल्लक ठेवले.

मग त्यांनी ते भांडे मुलाला दाखवले. एवढेसे पाणी दिसते ना, असे विचारले. जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच. मग ते पाणी फेकून दिले आणि तेच विचारले. मग भांडे पालथे केले. मग सरळ केले, आणि आतला रिकामेपणा दाखवला. प्रत्येक वेळी प्रश्न, प्रत्येक वेळी मुलाचे उत्तर, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट. शिकवायचे साहित्य काय, तर पाय धुतलेले उरलेले पाणी आणि समोरचे भांडे. ज्याला सात वर्षांच्या मुलांना काही सांगायचा प्रसंग आला आहे, त्याला यातले कौशल्य लगेच कळेल. मुलाचे डोळे भांड्यावर असतात आणि बोलणे सोबत आत जाते.

पुढे राजाच्या लढाऊ हत्तीचा दाखला आहे. रणात तो पाय वापरतो, दात वापरतो, डोके, कान, शेपूट वापरतो, पण सोंड जपून ठेवतो. सोंड जपली आहे तोवर त्याने जीव पूर्ण सोडलेला नाही असे माहूत ओळखतो. सोंडही वापरू लागला की त्याला आता न करण्यासारखे काही राहिले नाही. खोट्याची लाज गेली की माणसाचे तसेच होते. म्हणून थट्टेतही खोटे बोलायचे नाही, असे राहुलाने ठरवावे.

राहुल खोटे बोलला होता का? सुत्तात तसे कुठेही म्हटलेले नाही. चिनी भाषेत जपलेल्या एका परंपरेत मात्र गोष्ट येते, की लहान राहुलाला लोक तथागत कुठे आहेत असे विचारत आणि तो खोडीने उलटे सांगून त्यांची गंमत करी. मूल असेच वागते. ती गोष्ट खरी असो वा नसो, पाली सुत्तात तथागतांनी मुलाच्या कोणत्याही चुकीचा पाढा वाचलेला नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. आरोप नाही, कबुली वदवून घेणे नाही, इतरांसमोर उभे करणे तर नाहीच. संध्याकाळी दोघेच बसलेले आहेत.

खरा गाभा यानंतर येतो. आरसा कशासाठी असतो, असे तथागत विचारतात. बघण्यासाठी, असे राहुल म्हणतो. तसेच काया, वाचा आणि मनाने काहीही करताना बघून बघून करावे. करायच्या आधी स्वतःला विचारावे की यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही इजा होईल का. होणार असेल तर ते करू नये. करत असताना पुन्हा तेच विचारावे आणि इजा होत असेल तर तिथेच थांबावे. करून झाल्यावर तिसऱ्यांदा विचारावे. इजा झालीच असेल तर ते शास्त्याला किंवा जाणत्या सोबत्याला उघडपणे सांगावे आणि पुढे सावध राहावे. मनातला वाईट विचार असेल तर त्याची स्वतःलाच शिसारी यावी. इजा झाली नसेल तर आनंदाने राहावे.

यात काय नाही ते पाहा. नरकाची भीती नाही, देवाचा कोप नाही, पुढच्या जन्मी किडा होशील अशी धमकी नाही. बुद्ध म्हणतात म्हणून कर, असेही नाही. मुलाच्या हातात एक मोजमाप दिले आहे आणि ते मोजमाप म्हणजे दुसऱ्याला काय सोसावे लागेल. त्यात स्वतःलाही धरले आहे. सगळे सोसून गप्प बसायला मुलाला शिकवलेले नाही, दुसऱ्याइतकाच तोही गणतीत आहे. जातीच्या नावाने शाळेत टोमणे खाणाऱ्या आपल्या मुलांना हे दुसरे टोक शिकवणेही तितकेच जरुरीचे आहे, नाहीतर दया म्हणजे मान खाली घालणे असा त्यांचा समज होतो.

आणि केल्यानंतरही वाट ठेवली आहे, ही गोष्ट तर आपण बहुधा विसरतो. मुलाने कोणाला मारले, कोणाची वस्तू घेतली, तर सांगायला ते कोणाकडे जाईल? सांगितल्यावर मार बसणार हे ठाऊक असेल तर कोणाकडेच जाणार नाही. जाणता सोबती हा शब्द सुत्तात आला आहे. आपल्या वर्गात शिकवणाऱ्या ताई-दादांना तसे होता आले पाहिजे.

आपल्याकडे पंचशील मुलांना लवकर पाठ होते. चार वर्षांची चिमुरडी पाली उच्चार बिनचूक करते, आणि आपल्याला कौतुक वाटते, वाटायलाच हवे. पण विहाराच्या दारात तीच मुले कुत्र्याच्या पिलाला दगड मारतात तेव्हा पहिल्या शीलाशी त्याचा संबंध कोणी जोडून देत नाही. तथागतांनी तो जोडून दिला होता, तेही राहुलाच्या वयाच्या मुलांना. उदान ग्रंथात दोन प्रसंग आहेत. श्रावस्ती आणि जेतवनाच्या मधल्या वाटेवर मुले माशांना छळत होती, दुसऱ्या वेळी काठीने सापाला मारत होती. तथागत भिक्षेला निघाले होते. माशांना छळणाऱ्या मुलांजवळ ते थांबले आणि त्यांनी एकच विचारले, तुम्हाला दुःखाची भीती वाटते का, दुःख नकोसे वाटते का. मुले हो म्हणाली. पुढचे सांगणे त्या उत्तरावरच उभे राहिले. वाटेतल्या पोरांसाठी भिक्षेची फेरी थांबली, हेही लक्षात राहण्यासारखे आहे.

राहुल मोठा होत होता तसे त्याला संघातल्या माणसांच्या वागण्याचेही अनुभव आले. सगळे चांगले नव्हते. आळवी इथे धम्म ऐकायला आलेल्या उपासकांबरोबर नवे भिक्षू एकाच दालनात झोपले, घोरले, अस्ताव्यस्त पडले, लोकांनी नावे ठेवली. म्हणून अनुपसंपन्न माणसाबरोबर भिक्षूने एका छताखाली झोपू नये, असा नियम झाला. तथागत पुढे कोसंबीच्या बदरिकारामात आले. तिथे भिक्षूंनी राहुलाला सांगितले की नियम असा आहे, तू सामणेर आहेस, आपली झोपायची जागा शोध. एरवी हेच भिक्षू त्याचे लाड करीत, अंथरूण देत, असे जातक-अट्ठकथा सांगते. त्या रात्री कोणी दार उघडले नाही. राहुल कोणाशी भांडला नाही, कोणाच्या नावाने कुरकुर केली नाही. तो शौचकूपात जाऊन झोपला.

पहाटे तथागत तिथे गेले. दाराशी खोकले. आतून राहुल खोकला. कोण आहे, असे विचारल्यावर त्याने आपले नाव सांगितले. इथे का झोपलास, असे विचारल्यावर जागा नव्हती म्हणून, असे सांगितले.

उजाडायच्या आधीच भिक्षूंना गोळा केले गेले. राहुल रात्री कुठे होता हे माहीत आहे का, असे तथागतांनी सारिपुत्तांना विचारले. त्यांना माहीत नव्हते. राहुलाशी जर तुम्ही असे वागता, तर संघात येणाऱ्या इतर कुळांतल्या पोरांशी कसे वागाल, असा त्यांचा सवाल होता. आपल्या मुलावर अन्याय झाला म्हणून ते रागावले असे कोणी म्हणेल, पण प्रश्न नीट ऐकला तर तो ज्या मुलांचा बाप तिथे नव्हता त्यांच्यासाठी होता. नियम तिथल्या तिथे बदलला. अनुपसंपन्नाबरोबर दोन-तीन रात्री राहायला हरकत नाही, असे ठरले. नियमाचे शब्द पाळून पोराला बाहेर ठेवणाऱ्यांना धम्म कळला नव्हता. संस्था चालवणाऱ्या आपल्या लोकांनी हा प्रसंग वर्षातून एकदा तरी वाचावा.

त्याच अट्ठकथेत राहुलाच्या स्वभावाचा आणखी एक तपशील आहे. त्याची परीक्षा घ्यायची म्हणून भिक्षू तो येताना दिसला की केरसुणी किंवा केराची सुपली वाटेत टाकत आणि हे इथे कोणी टाकले असे मोठ्याने विचारत. कोणी तरी म्हणे, राहुल इथून गेला होता. मी टाकले नाही, मला माहीत नाही, असे राहुल कधी म्हणत नसे. केर उचलून ठेवी, क्षमा मागे आणि मग जाई. अट्ठकथाकार हे त्याच्या विनयशीलतेचे उदाहरण म्हणून सांगतात. मला त्या भिक्षूंचा खेळ आवडत नाही, आणि आज कोणी पोराशी तसे करू नये. पण त्या मुलाचे मन मात्र ओळखू येते.

आईशी त्याचे नाते तुटले नव्हते. यशोधरा पुढे भिक्षुणी झाली. श्रावस्तीला असताना ती पोटातल्या वातविकाराने आजारी पडली. राहुल तिला भेटायला गेला तर ती बाहेर येऊ शकली नाही. मग तो आत गेला आणि काय घेतल्याने बरे वाटेल असे विचारले. घरी असताना साखर घातलेल्या आंब्याच्या रसाने हे दुखणे थांबायचे, पण आता आपण भिक्षेवर जगतो, तो कुठून मिळणार, असे ती म्हणाली. मिळाला तर आणीन, असे सांगून तो निघाला. उपाध्यायांजवळ येऊन नुसता उभा राहिला, चेहरा पडलेला. सारिपुत्तांनी ओळखले आणि कारण विचारले. धम्मसेनापती म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते सारिपुत्त दुसऱ्या दिवशी राजा पसेनदीकडे गेले. राजाने स्वतःच्या हाताने पिकलेले आंबे सोलून, साखर घालून, कुस्करून पात्रात भरून दिले. ते पात्र सारिपुत्तांनी राहुलाच्या हाती दिले, राहुलाने आईला दिले, तिचे दुखणे थांबले. पुढे राजाला खरे कारण कळले तेव्हा त्याने तिच्यासाठी रस रोज पाठवायला सुरुवात केली. जातककथांतला हा प्रसंग छोटा आहे. संघातल्या कठोर शिस्तीत वाढलेल्या मुलाला आईचे दुखणे परके झाले नव्हते, आणि त्याच्या गुरूलाही ते काम हलके वाटले नव्हते.

अठराव्या वर्षाच्या सुमारास, अट्ठकथेच्या हिशेबाने, तथागतांनी त्याला दुसरा मोठा उपदेश केला. श्रावस्तीत भिक्षेला जाताना तो मागून चालत होता. बापाचे रूप आणि आपले रूप सारखेच देखणे आहे, असा काहीसा विचार त्याच्या मनात आला होता. तथागतांनी मागे वळून रूपाबद्दलचे अनित्य सत्य सांगितले. राहुल भिक्षेला न जाता माघारी फिरला आणि झाडाखाली बसला. संध्याकाळी त्याने अधिक विचारले. तेव्हा त्याला पृथ्वीसारखे, पाण्यासारखे, अग्नीसारखे, वाऱ्यासारखे, आकाशासारखे मन ठेवायला सांगितले. जमिनीवर लोक चांगले टाकतात, घाणही टाकतात, म्हणून जमीन विटत नाही. पुढे मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांची भावना सांगितली. मैत्रीने द्वेष जातो, करुणेने दुसऱ्याला पीडा देण्याची वृत्ती जाते, मुदितेने नाराजी जाते. इथे एक क्रम दिसतो. सात वर्षांच्या मुलाला आधी कृती तपासायला शिकवले, दुसऱ्याला इजा होते का ते बघायला सांगितले. मनभर करुणेची भावना करण्याचा अभ्यास दहा-अकरा वर्षांनी आला. आपण लहान मुलांना डोळे मिटून सर्व प्राणी सुखी होवोत म्हणायला लावतो. त्यात वाईट काही नाही, पण शेजारच्या बाकावरचा मुलगा डबा न आणता आला आहे हे त्यांना दिसले का, हे आधी विचारायला हवे.

नंतर श्रावस्तीजवळच्या अंधवनात तथागतांचा उपदेश ऐकताना राहुल अर्हत झाला. शिकण्याची आवड असलेल्या भिक्षूंमध्ये तो अग्र, असे तथागतांनी सांगितले. रोज सकाळी तो मूठभर वाळू वर फेकायचा आणि आज या वाळूच्या कणांइतका उपदेश मला मिळो, अशी इच्छा करायचा, अशी आठवण अट्ठकथांनी जपली आहे. बुद्धाचा मुलगा म्हणून त्याने कोणती गादी मागितली नाही आणि त्याला ती मिळाली नाही. तथागतांच्या नंतर संघाचा वारस म्हणून कोणा माणसाचे नाव पुढे केले गेले नाही, मुलाचे तर नाहीच. राहुल तथागतांच्या आणि सारिपुत्तांच्याही आधी गेला, असे पाली परंपरा मानते. थेरगाथेत त्याच्या नावावर चार गाथा आहेत.

सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत आणि मनात धरावेत असे सात धम्मपाठ नावानिशी दिले. त्यांतला एक म्हणजे खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश. तो शिलालेख आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या राजाने प्रौढ भिक्षूंना पुन्हा पुन्हा ऐका म्हणून सांगितले, ते एका लहान मुलाला भांड्यातले पाणी दाखवून सांगितलेले बोल होते.

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चीनहून फाहियान आला. मथुरेच्या भागात त्याने पाहिले की सारिपुत्त, मोग्गल्लान, आनंद यांच्या स्तूपांना वेगवेगळे लोक पूजा वाहतात, आणि भिक्षुणी आनंदाच्या स्तूपाला जातात, कारण स्त्रियांना संघात घ्यावे अशी विनंती त्याने केली होती. सामणेर पोरे मात्र राहुलाला वंदन करायला जात.